जावेच्या गेटपासवर

गडचांदूरच्या आमच्या वस्तीत गेटपास हा घरातल्या विळ्यासारखा होता. नाव एकीचं, पण गरज पडेल ती घेऊन जायची. एकीला ताप आला, एकीच्या माहेरी लग्न निघालं, की नणंद नाहीतर जाऊ तिच्या पासवर सिमेंट कारखान्यात जायची आणि तिची जागा धरून ठेवायची. ठेकेदाराकडे चार दिवस खाडा झाला की पास गेला म्हणून समजा, आणि फाटकाबाहेर वाट पाहणाऱ्या बायकांची काही कमी नव्हती. पासवर फोटो असायचा. पण आत जाताना प्रत्येकीच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, उघडे फक्त डोळे. भुवयांवर सिमेंट बसलं की सासू कोण आणि सून कोण ते कळत नव्हतं. मुकादमाला सगळं ठाऊक असायचं. त्याला डोकी मोजून द्यायची असत, ती कुणाची आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

यात काही पाप आहे असं आम्हाला तेव्हा वाटलं नाही आणि मला अजूनही वाटत नाही. एकमेकींची जागा राखली, चोरी तर केली नाही. आमची चूक वेगळीच होती. पास वाटून घेतला, पण माल वाहून नेणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यात हात गेला तर तो कुणाच्या नावावर जाईल, हा विचार वस्तीतल्या एकीच्याही डोक्यात कधी आला नव्हता.

त्या उन्हाळ्यात धाकट्या जावेच्या भावाचं लग्न निघालं. जाऊ सिरोंच्याची. तिच्या माहेरी तेलुगू बोलतात, त्यामुळे मला ती पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायची. दहावीनंतर लग्न होऊन मी या घरात आले ती शेतीच्या कामात अडकले, आणि कारखान्यात जायची वेळ माझ्यावर आली नव्हती. पण वैशाखात शेतात काय असतं? जाऊ पास घेऊनच माझ्यापुढे बसली.

"अक्का, चारच दिवस जा ना व. भावाच्या लग्नात मी नाई गेली तं माय मले घरात नाई घेणार."

मी गेले. पास तिचा, हेल्मेट तिचं, हातमोजेसुद्धा तिचेच. जाऊ हाडापेराने माझ्यापेक्षा मोठी, पंजाही रुंद. तिचे मोजे मला सैल व्हायचे, बोटांची टोकं रिकामी लोंबत राहायची. काम होतं पट्ट्याखाली सांडलेला माल खरडून काढायचं. पट्टा बंद करून खरडायचा असा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेला होता. मी पहिल्याच दिवशी तो वाचला आणि मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "पट्टा बंद केला तं गाड्या कोण भरन? हात चालवा बाई, तोंड नोका चालवू."

सिरोंच्याला लग्न होतं त्याच दिवशी मोज्याचं रिकामं टोक पट्ट्याच्या रोलरमध्ये गेलं आणि पाठोपाठ हात. शेजारच्या बाईने धोक्याची दोरी ओढून पट्टा थांबवला म्हणून बाकीचा हात वाचला. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. आठवतो तो मोजा. पट्ट्यावर बसून तो थोडा पुढे गेला आणि मग थांबला.

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा उरला आणि करंगळी उरली.

विम्याच्या दवाखान्यात कुणीतरी माझ्या जावेला हाका मारत होतं. तिचं नाव, मग पुन्हा तिचं नाव. मला वाटलं, ही सिरोंच्याहून इतक्यात कशी आली? डोळे उघडले तर नर्स माझ्याकडेच बघत होती. मुकादम वाकून माझ्या कानाशी आला. "हाव म्हणा बाई. आता तुमचंच नाव हाय ते." वेदनेने जीव नकोसा झाला होता. कुणी मला म्हैस म्हटलं असतं तरी मी हाव म्हटलं असतं.

घरी आल्यावर ठेकेदाराचा सुपरवायझर भेटायला आला. येताना बिस्किटाचा पुडा घेऊन आला आणि खाटेवर बसून त्यातली अर्धी बिस्किटं त्यानेच खाल्ली. बोलणं मात्र साखरेत घोळलेलं. घरात माझा नवरा, दीर, आणि लग्न आटोपताच धावत आलेली जाऊ, सगळे त्याच्यासमोर बसले होते.

त्याने दोन रस्ते सांगितले. पहिला विम्याचा. जावेच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जात होता, म्हणजे तिचं कार्ड पक्कं. विम्याच्या बोर्डासमोर हात दाखवायचा, अपंगत्व किती ते डॉक्टर लिहून देतील, की जन्मभर दर महिन्याला पेन्शन. बोर्डासमोर मी जायचं, नाव जावेचं सांगायचं. पैसे जावेच्या खात्यात येतील, तिने ते मला द्यायचे. घरातली गोष्ट घरात.

"अन् दुसरा रस्ता?" मी विचारलं.

"दुसरा म्हणजे ठेकेदारावर नुकसानभरपाईचा दावा. एकरकमी भेटते म्हणतात. पण थे कामगाराले भेटते. तुम्ही कामगार हा कुठी? आमच्या हजेरीत तुमचं नावच नाई. उलट दुसरीच्या पासवर आत घुसल्या म्हून आमालेच पोलिसात जाता येते." बिस्कीट चहात बुडवून तो पुढे म्हणाला, "दोन्हीकडून खाता येत नाई, बाई. विमा घेतला तं दावा नाई. विमाच घ्या. जावेची जागा बी शाबूत राहीन."

दिराला ते लगेच पटलं. त्याचं घर जावेच्या पगारावर चालत होतं, दोन मुलं शाळेत होती, त्याचं काही चुकत नव्हतं. तो म्हणाला, "वहिनी, हाव म्हणून टाका. नाई तं तेलही जाईन, तूपही जाईन, अन् हाती धुपाटणं येईन."

"धुपाटणं धराले बी बोटं लागतात, भाऊजी."

माझा नवरा उठला आणि अंगणात बैलाला पाणी पाजायला गेला. बैलाने नुकतंच पाणी प्यायलं होतं, पण उत्तर सुचलं नाही की माझ्या नवऱ्याला बैलाची तहान आठवते.

मग माझी तालीम सुरू झाली. बोर्डासमोर मला जाऊ व्हायचं होतं. तिच्या वडिलांचं नाव, तिचं जन्मगाव, तिच्या मुलांची वयं. उन्हाळ्यातल्या दुपारी आम्ही दोघी ओसरीवर बसायचो. ती चिंचा फोडून चिंचोके बाजूला करायची आणि मला शिकवायची.

"कोणी तेलुगूत बोललं तं 'एम् कादु' म्हणजो, अक्का."

"म्हणजे का?"

"म्हणजे काई नाई होत."

"तीन बोटं तुटली अन् मी डॉक्टरले सांगू, काई नाई होत?"

आम्ही इतक्या हसलो की माझ्या पट्टीतून कळ थेट खांद्यात गेली. हसता हसता मी रडायला लागले आणि ती खाली मान घालून पुन्हा चिंचा फोडायला लागली. खरं सांगते, त्या दिवसांत मला तिचा राग यायचा. चिंच फोडणाऱ्या तिच्या दहा बोटांचा राग यायचा. लग्न तिच्या भावाचं, मोजे तिचे, आणि बोटं माझी. ती बिचारी माझी वेणी घालायची, मला भात कालवून भरवायची, आणि तिने घास पुढे केला की मला तो थुंकावासा वाटायचा. थुंकला नाही कधी, पण वाटायचं.

बोर्डाची तारीख सांगायला सुपरवायझर पुन्हा आला तेव्हा जाऊ चिंचाच फोडत होती. तिने सहज विचारलं, "भाऊ, मी कामावर कधीपासून येऊ?"

तो हसला. "तुम्ही? तुम्ही कशा येसान? कागदावर तुमचा हात गेला ना. बिनाबोटाच्या बाईले पास कोण देईन?"

"पण तुम्ही तं म्हणलं होतं, जागा शाबूत हाय म्हून."

"जागा शाबूत हाय ना. तुमच्या जागी दुसरी घेतली बी."

"मंग मी दुसऱ्या ठेक्यात जाईन."

"कुठी बी जा, विम्याचा नंबर तं तोच निघन. त्याच्यावर दिसनच, या बाईची तीन बोटं नाई म्हून. बसा ना घरी आरामात. पेन्शन खा."

हे सगळं तो चहा फुंकत सांगत होता. जावेचे हात चिंचेवर थांबले. ती आपल्या हातांकडे अशी बघायला लागली की जणू कुणी ते मागायला दारात उभं आहे. आणि माझ्या डोक्यातली गाठ त्या क्षणी सुटली. माझा एक हात तर या लोकांनी घेतलाच होता. आता तिचे धडधाकट दोन हातही कागदावर कापून न्यायला निघाले होते, आणि वर उपकार केल्याची भाषा. मी पेन्शनीला हो म्हटलं असतं तर मी तिच्या हातावर जगणार होते, आणि ती माझ्या तुटक्या हाताखाली जन्मभर बसणार होती. शिवाय जन्मभर दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी मला कुठल्यातरी खिडकीसमोर उभं राहून तिचं नाव सांगायचं होतं. मरेपर्यंत दुसरीच.

मी उठले. "चहा झाला असन तं निघा."

"अन् बोर्ड?"

"निघा म्हणलं ना भाऊ."

पुढच्याच आठवड्यात मी नवऱ्याला घेऊन एसटीने चंद्रपूरला गेले. कामगारांच्या केसेस पाहणाऱ्या एका वकीलबाईंचं नाव शेजारच्यांनी सांगितलं होतं. त्यांनी माझा हात आधी पाहिला आणि मग गोष्ट ऐकली. कुणाच्या पासवर गेले होते हे सांगताना नवरा चाचरला, तर त्या म्हणाल्या, "घाबरू नका, तुम्ही पहिल्या नाही आहात."

मग त्यांनी नीट समजावलं. विम्याची अपंगत्व पेन्शन मागायची तरी, आणि ठेकेदाराकडून भरपाई मागायची तरी, आधी एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की त्या दिवशी त्या पट्ट्याखाली मी काम करत होते आणि ठेकेदाराच्या माणसाने मला ते करू दिलं होतं. "विम्यात तुमचं नावच नाही, तिथे शून्यापासून सुरुवात. भरपाईत निदान समोर ठेकेदार उभा राहील. भांडायचंच आहे तर ज्याचा पट्टा होता त्याच्याशी भांडू. पण बाई, हे सोपं नाही. साक्ष कोण देईल?"

दोरी ओढणारी बाई मला पाहून रस्ता बदलायला लागली होती. तिला दोष काय देणार, तिचा पास अजून तिच्या गळ्यात होता. उरली फक्त जाऊ. तिने येऊन सांगायचं, की त्या दिवशी ती सिरोंच्याला होती आणि पास तिनेच मला दिला होता. एवढं बोलली की गडचांदूरमधला एकही ठेकेदार तिला फाटकाजवळ उभं करणार नव्हता.

दिराने घर डोक्यावर घेतलं. "हात दाखवून अवलक्षण कराचं हाय का तुमाले? हातात येणारी पेन्शन सोडून कोर्टात नाचा आता! अन् हिनं तोंड उघडलं तं मी हिले सिरोंच्याले सोडून येईन." साक्ष देशील का, असं मी जावेला एका शब्दाने विचारलं नाही. मी मागितलं असतं तर तिने नाही म्हटलं नसतं, आणि तसलं हो मला नको होतं. घरात दोघींच्या भांड्यांचेच काय ते आवाज येत होते. दुपारी कारखान्याच्या खाणीत सुरुंग उडाला की ती भांडीही मांडणीवर थरथरायची, आणि आम्ही दोघी एकदम वर बघायचो, तेवढंच बोलणं.

बोर्डाच्या दिवशी सुपरवायझरने दारात जीप पाठवली. मी उंबऱ्यावर बसून राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "चला बाई, उशीर होऊन राह्यला."

"जिचं नाव लिवलं हाय तिले न्या," मी म्हटलं. "तिची दहाच्या दहा बोटं हाईत. डॉक्टरले म्हणा, मोजून घ्या."

मागून जाऊ बाहेर आली. मला वाटलं, ही आता जीपमध्ये बसते की काय. ती माझ्या शेजारी उंबऱ्यावर टेकली. अंगावर चिंचेचा वास. ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, गाडी वापस ने." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, माह्या भावाकडं लग्नाची शूटिंग हाय. त्यात मी हावो. दिवसभर हावो."

दीर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. सिरोंच्याला सोडायला मात्र गेला नाही. पुढे तारखा सुरू झाल्या तेव्हा तोच आम्हाला गाडीवर बसवून स्टँडवर सोडायचा, तोंड फुगवून. राजुऱ्याचा पूल ओलांडून चंद्रपूर, आणि संध्याकाळी परत. कधी दावा ऐकणारे साहेब रजेवर, कधी ठेकेदाराचा वकील आजारी. मी प्रत्येक तारखेला गेले. डाव्या हाताने लिहायला तिथल्याच बाकावर शिकले. अक्षर आजही कोंबडीच्या पायासारखं आहे, हे सगळं मी त्याच हाताने लिहिते आहे.

दावा मी जिंकले, हे सांगून टाकते. ठेकेदार वरच्या कोर्टात गेला, तिथेही हरला. जावेचा पास गेला तो गेलाच. दोन वर्षं आम्ही दोघींनी मिळून चिंच आणि मोह विकला, आणि मग गोंडपिपरीकडच्या एका तांदळाच्या गिरणीत तिला काम मिळालं. तिथे विम्याचा तिचा तोच नंबर लागला, त्यावर बोटांचं काही निघालं नाही. पण मला निकालाचा दिवस फारसा आठवत नाही. आठवते ती तिच्या जबाबाची दुपार.

ठेकेदाराचा वकील मोठ्या आवाजाचा होता. त्याने मला एकदा घुसखोर म्हटलं आणि एकदा मी तिथे नव्हतेच म्हटलं. मुकादमाने शपथेवर सांगितलं, की आपण चेहरा आणि पास ताडून पाहिला होता, पट्ट्यावर धाकटी जाऊच होती, मोठी बाई आपण आयुष्यात पाहिली नाही. सांगताना तो माझ्याकडे पाहू शकत नव्हता.

मग वकीलबाईंनी अपघाताच्याच तारखेची लग्नाची पत्रिका पुढे ठेवली आणि साहेबांसमोर मोबाईल धरला. त्या कोंदट खोलीत सिरोंच्याचा बँडबाजा वाजायला लागला. दारातला शिपाई आत डोकावला. पडद्यावर माझी जाऊ हिरव्या साडीत पंगतीत भात वाढत होती, मग भावाच्या कपाळाला बाशिंग बांधत होती, मग वरातीत हात वर करून नाचत होती. साहेब हसू दाबत होते. "इथे तर बाई चांगल्या खुशीत दिसतात," ते म्हणाले.

वकीलबाईंनी मोबाईल बंद केला. "अपघात झाला, पट्ट्याखाली काम करणाऱ्या बाईचा हात गेला, हे ठेकेदारानेच लिहून दिलंय साहेब. ही बाई तर सिरोंच्याला नाचत होती. मग हात कुणाचा गेला?"

ठेकेदाराचा वकील उठून जावेवर ओरडला, "म्हणजे तुम्ही कंपनीला फसवलं! पास दुसऱ्याला देणं गुन्हा आहे, ठाऊक आहे का?"

जाऊ घाबरली. मग तिने दोन्ही हात साहेबांच्या टेबलावर ठेवले, पालथे, बोटं पसरून. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी उठले आणि माझे हात तिच्या हातांशेजारी ठेवले. टेबलावर चार हात होते आणि सतरा बोटं.

"पास मीच देल्ला साहेब," ती म्हणाली. "देल्ला म्हून जे कराचं थे मले करा. पण ही दहा बोटं माही हाईत. गेली थे अक्काची. माह्या नावावर नोका लिवू."

साहेबांनी पुढ्यातले चारही हात नीट पाहिले. मग कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. जखमी कामगार..." आणि जावेकडे वळून त्यांनी विचारलं, "अक्का म्हणजे कोण? नाव सांगा."

आमच्याकडे धाकटी जाऊ थोरलीचं नाव घेत नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने मला अक्का सोडून दुसरी हाक मारली नव्हती. माझं नाव तिला नीट ठाऊक तरी आहे का, असा प्रश्न मला पडला. तिने पदर सावरला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि माझं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, असं सगळं स्वच्छ, मोठ्याने सांगितलं. दवाखान्यात तिच्या नावाने मला जेवढ्या मोठ्याने हाका मारल्या होत्या, तेवढ्याच मोठ्याने.

"हजर आहे," मी म्हटलं, आणि कारकुनाने माझं नाव लिहिलं.